एकोणीसशे पाचची रिकामी खिडकी

हरीभाऊ पोतदारांचं एक खास तोंड होतं. डावी भुवई किंचित वर, ओठ दाबलेले आणि नाकातून एक बारीकसा 'हं'. सांगलीत सराफ कट्ट्याच्या मागच्या गल्लीत, थोरल्या भावाच्या भांड्यांच्या दुकानात, हंडे-कळशांच्या रांगेपलीकडे त्यांचं काचेचं छोटं कपाट होतं. त्यात जुनी नाणी. समोर बसलेल्या माणसानं पुरचुंडी सोडून नाणं पुढं केलं, की हे तोंड आपोआप व्हायचं. नाणं कसंही असो, तोंड एकच.

हा त्यांचा धंद्याचा रिवाज. "घेताना नाण्याला नावं ठेवावीत आणि विकताना त्याचं बारसं करावं," असं ते गमतीनं म्हणत. घेणाऱ्याच्या डोळ्यांत चमक दिसली की देणाऱ्याचा भाव चढतो. घाई दिसली तर दुप्पट चढतो. म्हणून तोंड वाकडं करायचं, 'बघू पुढं' म्हणायचं आणि उठून जायचं. महिना-दोन महिन्यांनी सहज आल्यासारखं परत यायचं. तोवर देणाऱ्याची आशा थंड झालेली असते.

वाईट असं की हे तोंड घरीही यायचं. एकदा पुरणपोळीचा पहिला घास घेताना भुवई वर गेली, तशी उमाताई म्हणाल्या, "हे तोंड तुमच्या गिऱ्हाइकाला दाखवा हो. मी काही पोळी विकायला काढलेली नाही." हरीभाऊ हसले. पोळी सुरेख झाली होती, पण तसं म्हणायचं राहूनच गेलं. मुलगी स्वानंदी बोर्डाच्या परीक्षेत शाळेत पहिली आली तेव्हाही ते "बरं आहे" एवढंच म्हणाले होते. आतून माणूस फुलून आला होता, पण सवय आडवी आली.

एरवी माणूस सरळ. खोटं नाणं कधी खरं म्हणून विकलं नाही. अलीकडे तर त्यांचं निम्मं आयुष्य लोकांची समजूत काढण्यात जात होतं. यूट्यूबवरचे व्हिडिओ बघून माणसं यायची. कुणी पाच रुपयांची ट्रॅक्टरवाली नोट घेऊन, कुणी राणीछाप रुपया घेऊन. "काका, ह्याला लाखो मिळतात म्हणे!" हरीभाऊ शांतपणे सांगायचे, "राणीच्या रुपयाला चांदीचा भाव मिळेल, वर थोडं. लाखो मिळत असते तर मी इथं पितळेच्या हंड्यांत बसलो नसतो." दहातल्या नऊ वेळा 'नुसती चांदी आहे' हे त्यांचं म्हणणं अगदी खरं असे. दहाव्या वेळेचं काय, हे विचारायला कुणी येत नसे.

त्यांचा स्वतःचा जीव होता विलायती नाण्यांत. आपल्याकडचे रुपये-आणे नव्हेत, तिकडे विलायतेत चालणारी नाणी. आपल्या भागातली माणसं पिढ्यान् पिढ्या पलटणीत गेलेली. पहिल्या महायुद्धात कोण फ्रान्सला गेलं, कोण इराकात बसऱ्याला. परत येताना ट्रंकेच्या तळाशी एखादं शिलिंग, एखादी पेनी यायचीच. हरीभाऊंनी ती गावोगावी हिंडून गोळा केली होती. सातव्या एडवर्डचं, ज्याला आपल्याकडची जुनी माणसं बिनमुकुटाचा म्हणून बोडका राजा म्हणत, त्याचं हाफ क्राऊन म्हणजे अडीच शिलिंगांचं नाणं त्यांच्याकडे दर सालाचं होतं. एकोणीसशे दोनपासून दहापर्यंत. फक्त पाच सालचं नव्हतं. त्या साली ती नाणी फार कमी पाडली होती. बरं असेल तर लाखाच्या पुढं भाव, आणि खोटीही पुष्कळ. अल्बममधल्या प्रत्येक नाण्याला पुठ्ठ्याची चौकट आणि मधे पारदर्शक गोल खिडकी. चार आणि सहा सालच्या मधली खिडकी तीस वर्षं रिकामी होती.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी त्यांना एक फोन आला. कराडच्या पुढं, साताऱ्याच्या वाटेवर वाघजाईवाडी म्हणून गाव आहे, तिथून. बोलणारी होती क्रांती. तिचा नवरा मल्हार लष्करात, सासू साळूबाई घरी. "काका, आमच्या आजेसासऱ्यांच्या वडलांनी आणलेलं नाणं हाय. फोटो धाडलाय बघा." फोटो इतका हललेला, की राजा आहे का नारळ, कळेना. पण 'आणलेलं' ह्या शब्दावर हरीभाऊ उठले आणि एसटीत बसले.

साळूबाईंनी चहा पुढं केला, देव्हाऱ्याखालचा डबा काढला आणि खणाच्या तुकड्यात गुंडाळलेलं नाणं हरीभाऊंच्या हातावर ठेवलं.

"फ्रान्सात पायाला गोळी लागली व्हती त्येंच्या. बोटीनं विलायतंच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या एका नर्सबाईनं निघताना हातावर ठिवलं म्हणं. खर्चलं न्हाई कवा. मराया टेकलं तवाबी उशाला व्हतं."

आपल्या जुन्या चांदीच्या रुपयापेक्षा जरा मोठं. कडेच्या रेषा शाबूत, वर शंभर वर्षांची मऊ काळसर झाक. कुणी चिंचेनं घासलेलं नाही, कुणी माळेसाठी कडी लावलेली नाही. एका बाजूला बोडका राजा, दाढीचे केस मोजून घ्यावेत असे. हरीभाऊंनी नाणं उलटं केलं. मुकुटाखाली ढाल आणि दोन बाजूंना सालाचे आकडे.

एकोणीसशे पाच.

त्यांनी आकडे पुन्हा एकदा वाचले. त्यांनी नाणं बोटावर तोलून हलकेच टिचकी मारली. लांब, स्वच्छ नाद. खोटं नव्हतं. खिशातला छोटा तराजू काढावा असं मनात आलं, पण तराजू काढला म्हणजे रस दाखवला. त्यांनी तो काढला नाही.

भुवई वर गेली, ओठ दाबले गेले. "हं."

"काय म्हणतोय राजा?" साळूबाईंनी विचारलं.

"चांदी आहे आजी. तीही शंभर नंबरी नाही, भेसळ आहे थोडी."

"म्हंजे लाखबिख कायबी न्हाई?" क्रांतीचा चेहरा पडला. "ते व्हिडिओवाले तर..."

"व्हिडिओवाल्यांचं काय ऐकता ताई. निव्वळ चांदी. सराफ देईल त्यावर चार पैसे मी जास्त देईन, जुनं आहे म्हणून."

साळूबाई हसल्या. "बघ, म्हणलं हुतं का न्हाई? यूट्यूबच्या लाखानं चूल पेटत न्हाई." मग हरीभाऊंना म्हणाल्या, "पर इकायचं अजून ठरलं न्हाई, बाबा. मल्हार दिवाळीला सुट्टीवर येतोय. त्याला इचारल्याबिगर न्हाई."

त्या घटकेला 'आजी, थांबा, हे साधं नाणं नाही' एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. हरीभाऊ ते पुढं कितीदा तरी मनातल्या मनात म्हणाले. पण तेव्हा ते म्हणाले, "चालेल की. मला काही घाई नाही."

घाई कशी नव्हती! सांगलीला पोचल्यावर त्यांनी पहिल्यांदा नवी चौकट काढली, तिच्यावर पेन्सिलीनं बारीक अक्षरात साल लिहिलं आणि ती पाकिटात ठेवली. उमाताईंना नाण्याची सगळी कथा सांगितली. उमाताईंनी भाजी चिरता चिरता विचारलं, "आणि त्यांना काय द्याल?"

"देईन की बरे. आजींना एक चांगलं लुगडंही घेईन."

"लाखाच्या नाण्याला लुगडं," उमाताई म्हणाल्या. सुरी तेवढी जरा जोरात चालली.

दिवाळी झाली. रिवाजाप्रमाणे हरीभाऊंनी वर आणखी थोडे दिवस जाऊ दिले. फोन केला नाही, कारण फोन म्हणजे पुन्हा घाई. मग एका सकाळी पाकिटात ती चौकट आणि पिशवीत हिरवं इरकल लुगडं घेऊन ते निघाले. एसटीत खिडकीशी बसून त्यांनी मनाशी आकडाही वाढवला. पहिल्यापेक्षा तिप्पट, मग चौपट. आपण फार उदार आहोत असं वाटून त्यांना बरं वाटलं.

वाघजाईवाडीत साळूबाईंच्या जुन्या घरात थोरला मुलगा होता. त्यानंच हात करून दाखवलं, "आई नव्या घरात ऱ्हाती. पल्याड, टाकीजवळ." दिवाळीत भाऊ वेगळे झाले होते. भांडण नाही, तंटा नाही. मल्हारनं घर बांधलं होतं, त्याची वास्तुशांत झाली होती. दारावरचं तोरण अजून पुरतं वाळलंही नव्हतं.

"या या," साळूबाई म्हणाल्या. "अगं क्रांती, सांगलीचं पाव्हणं आलं बघ. आधी देवाच्या पाया पडा, मग च्या."

नव्या देव्हाऱ्यात नवे टाक मांडले होते. भाऊ वेगळे झाले की जुने देव थोरल्याकडे राहतात आणि धाकट्यानं आपले टाक नव्यानं घडवून घ्यायचे असतात, ही चाल हरीभाऊंना ठाऊक होती. पोतदारांच्या घरात जन्मलेला माणूस, त्याच्या आज्यानं असे कितीतरी टाक ठोकले होते. चांदीच्या पत्र्यावर घोड्यावरचा खंडोबा, शेजारी म्हाळसा, पायाशी कुत्रा. दुसऱ्या टाकावर भवानी. भंडाऱ्यानं पिवळे झालेले.

"देवाला चांदी घरचीच लागती," साळूबाई मागून बोलत होत्या. "इकत आणल्याली चालत न्हाई असं न्हाई, पर घरची आसली म्हंजे देव घर वळखतो. माजी पैंजणं हुती, ती दिली. तरी कमी पडाया लागली. मग ते नाणं..."

हरीभाऊंनी मागं वळून पाहिलं नाही.

"माजं मन धजत नव्हतं. वाडवडलांची खूण. मल्हारबी न्हाई म्हणत हुता. मग मीच म्हणलं, आरं, सांगलीचा एवढा जाणता माणूस घरापातूर येऊन सांगून गेला, निव्वळ चांदी हाय. मग डब्यात पडून काय करायची? चांदीच हाय तर देव होऊ दे. कराडच्या सोनारानं आमच्या डोळ्याम्होरं मुशीत टाकलं. राजा बघता बघता पाणी झाला."

हरीभाऊंनी हात पुढं केला. खंडोबाचा टाक उचलून तळहातावर घेतला. सवयीनं बोटं कडेवरून फिरली. रेषा नव्हत्या. दाढी नव्हती, ढाल नव्हती, साल नव्हतं. घोडा होता आणि त्याच्या पाठीवर मोठ्या डोळ्यांचा देव.

"बरी हाय न्हवं चांदी?" साळूबाईंनी विचारलं.

भुवई वर गेली नाही. ओठ दाबले गेले नाहीत. हरीभाऊ म्हणाले, "फार चांगली आहे आजी. ह्याहून चांगली मी बघितली नाही."

"आवं, मग तवा का नाक मुरडलंसा?" साळूबाई हसून म्हणाल्या.

हरीभाऊंनी टाक जपून जागेवर ठेवला.

चहाचा कप हातात देताना क्रांतीनं सासूच्या नकळत हळूच विचारलं, "काका, एक इचारू? त्याला खरंच कायबी किंमत नव्हती न्हवं? मीच ते व्हिडिओ बघितल्याले, म्हणून मनाला लागून ऱ्हायलंय."

कपातल्या सायीकडे बघत हरीभाऊ थांबले. खरं ओठांपर्यंत आलं. मग देव्हाऱ्यातल्या त्या दोन टाकांकडे लक्ष गेलं. "आता ज्याची रोज पूजा होते," ते म्हणाले, "त्याची किंमत मी कशी सांगू ताई?"

क्रांतीचा चेहरा सैल झाला. तिला ते उत्तर पटलं. हरीभाऊंना मात्र बोलतानाच कळलं की हेही तसलंच झालं. नाणं घेताना जसं बोलायचं, तसंच.

निघताना त्यांनी इरकल साळूबाईंच्या हातात दिलं. "वास्तुशांतीला नव्हतो, म्हणून."

साळूबाईंनी पदरानं डोळे पुसले. "कोण कुठलं तुमी, आन् किती जीव लावतासा! आजकाल माणसं फसवून न्हेत्यात बगा जुनं काय काय. तुमच्यासारखं खरं बोलणारं मिळत न्हाई."

कराड स्टँडवर सांगलीची गाडी लागलेली होती, ती त्यांनी जाऊ दिली. पुढचीही. बाकावर बसून राहिले. नाणं गेलं ह्याचं दुःख होतंच, खोटं कशाला बोला. पण शंभर वर्षं एका घरानं जे उपाशीपोटीही खर्चलं नाही, ते आपल्या एका 'हं'नं मुशीत गेलं, हे त्यांना गिळता येत नव्हतं. त्या नर्सबाईनं एका परक्या, लंगड्या शिपायाच्या हातावर ठेवलेली वस्तू. ती विकत मिळाली नसती तरी चाललं असतं. ती असायला हवी होती.

घरी आल्यावर जेवणं झाली, तेव्हा त्यांनी उमाताईंना सगळं सांगितलं. उमाताई ऐकत राहिल्या.

"आणि खरं सांगितलंत त्यांना?"

"आता कसं सांगू? त्यांच्या देवाला भाव लावू? आजी जन्मभर हळहळतील."

"तेही खरं." उमाताईंनी ताटं उचलली. दारापर्यंत गेल्या आणि थबकल्या. "पण हे तुम्ही त्यांच्यासाठी झाकलंत की स्वतःसाठी, ते मात्र नीट बघा हो."

थोड्या वेळानं हरीभाऊ स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन म्हणाले, "आमटी फार छान झाली होती."

उमाताईंनी वळून पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत हसू आलं आणि गेलं. "आज होय?" त्या म्हणाल्या. "आज तर मीठच घालायला विसरले होते."

ह्या वर्षी साताऱ्यात नाण्यांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा हरीभाऊंनी आपला अल्बम काचेखाली उघडा ठेवला होता. बोडक्या राजाची ओळ. दोन, तीन, चार, मग सहापासून पुढं. मधे पेन्सिलीनं साल लिहिलेली रिकामी खिडकी. पुण्याचा एक तरुण संग्राहक वाकून बघत होता.

"पाच सालचं मिळालं नाही वाटतं काका? फार दुर्मिळ ते."

"मिळालं होतं. माझ्या हातात होतं."

"मग? भावात जमलं नाही?"

हरीभाऊंनी काचेवरची धूळ रुमालानं पुसली. तो रिकामा गोल आणखी स्वच्छ दिसायला लागला.

"भावापर्यंत गेलोच नाही," ते म्हणाले. "मी त्याला नावं ठेवली."