चिंचेनं घासलेलं कुलूप

"तिनं हात लावला काय कुलपाले? मंग चिंच लावून घास ना बे."

बडेबाबूंचा, आमच्या मुख्य कारकुनाचा, आवाज. दार अर्धं उघडं. मी कोषागाराच्या व्हरांड्यात, हातात डबा.

शिपाई म्हणाला, "साहेब, मॅडम हायेत ना त्या."

"मॅडम खुर्चीवर. पितळ हाय हे, लवकर काळं पडते."

दोघं हसले.

चिंचेचा आंबट वास बाहेर आला आणि मी सात वर्षांची झाले.

तेव्हा बाबा याच कार्यालयात झाडूवाले होते. शाळेला सुट्टी, म्हणून मला सोबत आणलेलं. स्ट्राँगरूमच्या दाराला हेच कुलूप. भंडाऱ्याचं पितळ, चकचकीत. मी त्यात माझं तोंड पाहिलं आणि बोट लावलं. एवढंच.

हेच बाबू तेव्हा साधे कारकून होते. ओरडले नाहीत. बाबांना म्हणाले, "तुह्या पोरीनं बाटवलं. जा, चिंच घेऊन ये."

"चुकलं बाबूसाहेब, लहान हाय ते."

बाबांनी दुकानातून चिंच आणली. घासलं शिपायानं. बाबांनी आणलेली चिंच चालली. बाबांचा हात नाही चालला. कुलूप चमकेपर्यंत ते हात जोडून उभे होते आणि मी त्यांच्या पँटला धरून.

घरी ते मला रागावले नाहीत. सायकल विकली आणि मला इंग्रजी शाळेत घातलं.

तिथं मी फाडफाड बोलायला शिकले. पण कुठल्याही कडीला हात लावण्याआधी अजून थांबते. होस्टेलमध्ये, बँकेत, परीक्षेच्या हॉलच्या दारात. बोट आपोआप मागे येतं. लोक म्हणतात, मुलगी लाजाळू आहे.

परीक्षा दिली, अधिकारी झाले, इथंच नेमणूक मिळाली. ऑर्डर पाहायला बाबा राहिले नाहीत. सकाळी रिकाम्या व्हरांड्यात मला त्यांच्या झाडूचा आवाज येतो. मी वळून पाहत नाही.

बडेबाबूंनी मला ओळखलं नव्हतं. आडनाव तेवढं ओळखलं होतं.

स्ट्राँगरूमला दोन चाव्या लागतात. एक माझी, एक त्यांची. दोन्ही एका हातात जायच्या नाहीत, हा नियम. पण पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "तुम्ही कायले उठता मॅडम, द्या इकडे." मी दिली. मला तो मान वाटला. सहा महिने रोज दिली. काल ते रजेवर होते, त्यांची चावी दुसऱ्या बाबूकडे. म्हणून पहिल्यांदा मी स्वतः जाऊन उघडलं.

आणि आज चिंच.

मी खुर्चीत जाऊन बसले. थोड्या वेळानं ते आले, रोजच्यासारखा तळवा पुढे करून. बोटांना अजून चिंचेचा कोळ लागलेला; शेवटचा हात त्यांनीच फिरवला असावा.

"द्या मॅडम."

नियमाचं एक नीट इंग्रजी वाक्य मी मनात जुळवून ठेवलं होतं. ते आलं नाही. चावी मुठीत धरून मी उभी राहिले. तोंडातून निघाली ती बाबांची बोली. आवाज बाहेर शिपायापर्यंत गेला.

"चावी भेटणार नाही, बडेबाबू. आजपासून कुलूप मीच उघडीन, रोज, तुमच्यासमोर. अन् याच्यानंतर त्याले कोणी चिंच लावली, तर तुमच्या नावानं लेखी तक्रार करीन. वीस वर्षांआधी तुमी माह्या बापाले चिंच आणाले पाठवलं होतं. ते पोरगी मीच आहो. चाला, स्ट्राँगरूम उघडाची हाय."