गाडीचा पंखा थांबेपर्यंत

अकोटात अब्बांचं रेडिएटर दुरुस्तीचं दुकान होतं. पत्र्याचं छप्पर, दारात ॲसिडचा वास, कोपऱ्यात झाळकामाचा दिवा आणि भिंतीला टेकवून ठेवलेले ट्रॅक्टर-ट्रकांचे उघडेबोडके रेडिएटर. मागच्या दाराने आत गेलं की आमचं घर. अब्बा रेडिएटरची वरची टाकी उघडायचे, आत बोट फिरवायचे आणि गाडी कोणत्या भागातली ते सांगायचे. यात जादू काही नव्हती. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना विहिरींचं पाणी खारं. तिकडच्या गाड्यांच्या नळ्यांत पांढरी खपली धरायची, इतकी घट्ट की तार घालून खरवडावी लागे. मग अब्बांचं प्रवचन सुरू. गाडीत खारं पाणी ओतणाऱ्याला ते पुढच्या खेपेला दारात उभं करणार नव्हते. तो पुढच्या खेपेला यायचाच, आणि अब्बा त्याला खुर्चीही द्यायचे.

आमच्या स्वतःच्या जुन्या पांढऱ्या गाडीच्या डिकीत गोड्या पाण्याचा डबा कायम असे. घरच्या नळाखाली धुऊन भरलेला, झाकणाखाली फडकं बांधलेला. त्यातलं पाणी प्यायची आम्हाला परवानगी नव्हती, ते गाडीचं होतं.

अम्मी त्याच खाऱ्या पट्ट्यातल्या गावची. पिंजाऱ्यांची लेक. लग्न होऊन अकोटात आली तेव्हा इथल्या गोड्या पाण्याला काही चवच नाही म्हणून नाक मुरडायची, असं अब्बा तिला आयुष्यभर चिडवत आले. मी अमरावतीला शिकून घरी परतले आणि इथल्या शिकवणी वर्गात विज्ञान शिकवू लागले, त्याच सुमारास तिचे पाय सुजायला लागले. दोन्ही किडन्या गेल्या होत्या. पाण्यामुळे का, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, तसं नक्की सांगता येत नाही. अब्बा शेजारीच उभे होते. त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली.

तेव्हापासून दर सोमवारी आणि गुरुवारी अकोला. तिथल्या डायलिसिसच्या मशीनवर तिची सकाळची पाळी ठरलेली होती. पाळी चुकली की अंगातलं पाणी छातीत चढायचं आणि तिला श्वास घेता यायचा नाही. एसटीत उभं राहणं तिला जमत नव्हतं. म्हणजे सगळा भार त्या जुन्या गाडीवर. अब्बा चालवायचे, मी मागे अम्मीचं डोकं मांडीवर घेऊन बसायची.

ती वर्षं आमच्या मुलखाला वाईट गेली. कापसाला भाव नव्हता, असला तर घेणारा नव्हता. बाकीचं सगळं पेपरात यायचं. दुकानात बसलेल्या माणसाला ते वेगळंच दिसायचं. पूर्वी जे लोक रेडिएटर झाळायला आणायचे, ते आता विकायला आणू लागले. तांब्याच्या आणि पितळेच्या वजनावर. अब्बांनी एकदा झाळलेला, त्यांच्याच हातचा जोड असलेला रेडिएटर मोडीत काढायला येई, तेव्हा ते त्या माणसाकडे न बघता काट्याकडे बघायचे. मला ते बघवत नसे. मी आत निघून जायची.

आमच्या गाडीचा पंखा जुन्या पद्धतीचा होता. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा. गाडी पळत असली की ठीक, पण उभी राहिली, मुंगीच्या पावलाने चालली की इंजिन हळू आणि पंखाही हळू. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या गिरण्यांच्या रस्त्यावर बैलगाड्यांच्या रांगा लागायच्या आणि तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरकायचा. बॅटरीवर चालणारा वेगळा पंखा बसवा, असं मी कितीदा म्हटलं. अब्बांचं उत्तर ठरलेलं होतं. "इंजिन फिरते तवर पंखा फिरते. वायरचा काय भरवसा?" त्यांच्या दृष्टीने वायर ही ऐन वेळी दगा देणाऱ्यांची जात होती. रेडिएटर चांगला असेल तर पंखा कोणताही चालतो, हे ते गिऱ्हाइकांना सांगत आले होते, आणि आता स्वतःच्याच गाडीत दुसरं करायचं म्हणजे त्यांना नाक कापल्यासारखं वाटत असावं.

एका सोमवारी व्हायचं ते झालं. अकोटाच्या वेशीपासूनच कापसाच्या गाड्या उभ्या होत्या. वाट काढत काढत पुढे गेलो, पण वाटेतल्या चोहोटा गावाच्या पुढे पुन्हा रांग लागली आणि बॉनेटमधून वाफ आली. इंजिन थंड झाल्यावर अब्बांनी डब्यातलं गोडं पाणी सगळं ओतलं. ते पुरलं नाही. शेजारच्या बैलगाडीवरच्या माणसाने न मागता आपली पाण्याची कॅन पुढे केली. अब्बांनी तळहातावर थेंब घेऊन जिभेला लावला आणि मान हलवली.

तो माणूस म्हणाला, "आमी हेच पेतो मिस्त्री. गाडीले काहून चालत नाई?"

अब्बा रिकामा डबा घेऊन गोड्या पाण्याच्या नळाच्या शोधात गावात निघून गेले. मी खिडकीतून त्यांची पाठ पाहत राहिले. इकडे अम्मीचे ओठ निळे पडायला लागले होते. तिचा एकेक श्वास ओढल्यासारखा येत होता. ते परत आले, पाणी भरलं, गाडी चालू झाली, आम्ही पोचलो, आणि तिची पाळी गेलेली होती. तिला आधी ऑक्सिजन लावावा लागला. मशीन मिळालं तेव्हा दिवस कलला होता.

बाहेरच्या बाकावर मी अब्बांना विचारलं, "तुमाले रेडिएटर वाचवाचा होता का अम्मी?"

त्यांनी मला झापलं असतं तर बरं झालं असतं. मला त्यांचा इतका संताप आला होता की मी उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसले. आज वाटतं, त्यांनी तेव्हा जाणूनबुजून काही निवडलंच नव्हतं. आयुष्यभर ज्या हाताने खारं पाणी नाकारलं, तो हात आपोआप मागे आला. पण हे आजचं शहाणपण. तेव्हा माझ्याकडे फक्त राग होता, आणि तो मला अजूनही चुकीचा वाटत नाही.

त्याच आठवड्यात मी कुणाला न सांगता अमरावती गाठली. शिकत असताना ज्या रस्त्याने कॉलेजला जायची, त्या रस्त्यावर मोडीतल्या गाड्यांचे सुटे भाग विकणारी दुकानं होती. अपघातात गेलेल्या एका छोट्या गाडीचा विजेचा पंखा, मोटारीसकट, मी तिथून उचलला. परतीच्या एसटीत तो गोणपाटात गुंडाळून मांडीवर घेतला. कंडक्टरने विचारलं, हे काय, तर म्हटलं पंखा. घरी छताला लावाले का, असं त्याने विचारलं. नाही, गाडीला, म्हटल्यावर त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि पुढे सरकला.

पंखा मी दुकानाच्या फळीवर ठेवला. अब्बांनी त्याकडे पाहिलंही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून मी बाहेर आले तर जुना पंखा उतरवून जमिनीवर ठेवलेला होता आणि अब्बा रेडिएटरच्या टाकीला भोक पाडत होते. त्यात त्यांनी एक पितळी नट झाळून बसवला, उष्णतेवर चालणारा स्विच त्यात बसावा म्हणून. पाणी तापलं की स्विच लागणार, निवलं की बंद. गाडीचा जुना डायनामो उभ्या गाडीत एवढी वीज देऊ शकणार नाही, हे मी पुस्तकातून काढलं होतं. अब्बांना ते आधीच ठाऊक होतं, मोडीतून जास्त वीज देणारा एक अल्टरनेटर त्यांनी काढूनही ठेवला होता. आम्ही दोघं वाकून काम करत राहिलो. मी रिले आणि फ्यूज जोडत होते, ते पंखा बसवायला पत्र्याच्या पट्ट्या कापत होते. बोलणं पाना दे, धर, सोड, एवढंच.

पंखा जोरात सुरू झाला तेव्हा आम्ही दोघंही विजयी वीरांसारखे उभे होतो. अम्मी अंगणात बाजेवर रजईसाठी कापूस मोकळा करत बसली होती. ती उठली, चिमूटभर कापूस घेऊन आली आणि गाडीच्या तोंडाच्या जाळीसमोर बोटं उघडली. कापूस जाळीकडे ओढला जायला हवा होता. तो तिच्या तोंडावर उडाला.

"हा त उलटा फुकून राहिला," ती म्हणाली.

मोडीत कुणीतरी वायरी कापून पुन्हा जोडल्या होत्या, रंग पाहून मी फसले होते. अब्बा हसले. त्या सोमवारनंतर पहिल्यांदा. विज्ञानाच्या बाई, असं मला म्हणाले, आणि मी वायरी उलट केल्या. यावेळी अम्मीच्या बोटांतला कापूस जाळीला जाऊन चिकटला.

स्विच थेट बॅटरीवर होता, त्यामुळे चावी काढल्यावरही इंजिनात गरमी असली तर पंखा थोडा वेळ आपला आपण फिरायचा. अब्बांना ते आवडत नव्हतं, बॅटरी उगाच खर्ची पडते म्हणून. अम्मीला मात्र आवडायचं. अकोल्याहून परतल्यावर मी दार उघडायला गेले की ती माझा हात धरायची. "थांब व. त्याचं होऊ दे, मंग उतरू." डायलिसिसनंतर एकदम उभं राहिलं की तिला भोवळ यायची, म्हणून ती तेवढी उसंत घेत असणार. पण सांगताना ती पंख्याचंच सांगायची, आपल्यासाठी एवढा फिरला बिचारा. मग आम्ही तिघं उभ्या गाडीत पंखा थांबेपर्यंत बसून राहायचो. दिवसातली ती वेळ मला फार आवडायची.

हंगामाच्या शेवटाला, कापूस घेत नाहीत म्हणून लोकांनी रस्ता अडवला. आम्ही पूर्णेच्या अलीकडे अडकलो. पुढे, मागे, दोन्ही बाजूंना कापसाने भरलेल्या गाड्या. इंजिन चालू होतं, पंखा फिरत होता, काटा जागेवर. मी निर्धास्त होते. आणि मग काटा हलायला लागला. खाली उतरून पाहिलं तर गाडीचं तोंड पांढरं झालं होतं. आजूबाजूच्या गाड्यांवरून उडणारा कापूस त्या जोरदार पंख्याने एवढा वेळ ओढून घेतला होता. जाळीवर आणि आत रेडिएटरवर त्याची गादी बसली होती. आख्खा जन्म वऱ्हाडात काढलेल्या आम्हा दोघांपैकी कुणालाही हे सुचलं नव्हतं. मी ती गादी सोलून काढेपर्यंत पाणी उकळून बाहेर सांडलं. डब्यातलं गोडं पाणी पुन्हा कमीच पडलं.

आत अम्मीचा श्वास वाजत होता.

अब्बा शेजारच्या बैलगाडीजवळ गेले. "प्याचं पाणी हाय का? द्या थोडं."

गाडीवाला अब्बांना ओळखत होता. त्यांचं प्रवचन त्यानेही ऐकलेलं असणार. "खारं हाय मिस्त्री," तो म्हणाला.

"मालूम हाय."

टाकी निवल्यावर त्यांनी आपल्या हाताने ते ओतलं, ती भरेपर्यंत. लोकांनी आत आजारी बाई आहे हे पाहिलं आणि बैल सोडून, जू खांद्यावर घेऊन भरलेल्या गाड्या बाजूला ढकलल्या. ज्यांचा कापूस कुणी घेत नव्हतं, ती माणसं आमच्यासाठी वाट करत होती. पूल ओलांडला तेव्हा मला रडू फुटलं. अम्मीची पाळी चुकली नाही.

घरी आल्यावर अम्मीने जुन्या मच्छरदाणीचा तुकडा कापून, नाडी ओवून, गाडीच्या तोंडाला बुरखा शिवला. कापूस बाहेर अडकायचा, हाताने पुसला की झालं. रेडिएटर मात्र अब्बांनी खरवडला नाही. मी आठवण केली तेव्हा म्हणाले, राहू दे.

गाडी त्यानंतर कधी तापली नाही. अम्मी दीड-दोन वर्षं आणखी जगली आणि एका गुरुवारी मशीनवरच गेली. वेळेवर पोचली होती. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलं होतं.

तिला दवाखान्याच्या गाडीतून घरी पाठवलं. अब्बा म्हणाले, मी आपलीच गाडी आणतो. ऊन रणरणत होतं. मी त्यांच्या शेजारी बसले, मागची सीट रिकामी. आम्ही पोचलो तेव्हा अम्मीला घरात घेतलेलं होतं, दारात सगळी गल्ली जमली होती, बायकांचा आवाज रस्त्यावर येत होता. अब्बांनी चावी काढली. इंजिन थांबलं आणि पंखा सुरू झाला.

कुणीतरी दाराला हात घातला. मी माझं दार उघडत होते. अब्बांनी माझा हात धरला. ते समोर बघत होते, दुसरा हात स्टिअरिंगवर. लोक काचेतून आत डोकावत होते, कुणी कुणी त्यांना उतरायची खूण करत होते. आम्ही दोघं बसून राहिलो.

पंखा हळू झाला, मग थांबला. तेव्हा अब्बांनी दार उघडलं.