आठ डबे, एक केबल

माझा पार्टनर आदगोंडा गेल्याचं मला पेपर मिलच्या वॉचमननं फोनवर सांगितलं. माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं, "रविवारी मिल बंद असताना तिथं कशाला मरायला गेला होता?"  काय बोलून गेलो ते माझं मला कळलं, पण राग काही उतरला नाही. आज दीड महिना झाला, अजून पुरता उतरलेला नाही.

नव्वदच्या दशकात आम्ही दोघांनी उद्यमनगरात कंट्रोल पॅनेलचं वर्कशॉप टाकलं. तो हुपरीकडचा, शेतकरी जैन घरातला. मी मंगळवार पेठेतला. त्याचा हात असा, की जळालेलं सर्किट कार्ड नुसता वास घेऊन ओळखायचा. आणि हट्टी... विचारू नका. वायरिंगचं ड्रॉइंग काढ म्हटलं की म्हणायचा, "डोक्यात हाय की." आता त्याच्या डोक्यात बघायला मी कुठून जाणार?

ती पेपर मिल आमचं जुनं गिऱ्हाईक. तिथं कागद आठ रोलरांवरून जातो. आठही मोटारी एका चालीनं फिरायला हव्यात, जरा मागंपुढं झालं की कागद फाटलाच. म्हणून प्रत्येक मोटारीला कंट्रोलचा एक डबा, आणि चालीचा सिग्नल पहिल्या डब्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, असा एकाच केबलनं ओळीनं जायचा. डेझी चेन म्हणतात तिला. वायर कमी लागते, दिसतं सुटसुटीत, आदगोंडाला फार आवडायचं. पण मधला एक डबा बसला की त्याच्या पुढचे सगळे ठप्प. मी जीव तोडून सांगायचो, निदान आठव्यापासून पहिल्यापर्यंत परतीची एक केबल टाक, म्हणजे एका बाजूनं तुटलं तरी दुसऱ्या बाजूनं सिग्नल पोचेल. तो म्हणायचा, "एवढी वर्षं चाललंय न्हवं? गप बस की."

यंदा चौथा डबा तीनदा बंद पडला. तिन्ही वेळा मिलमालकाच्या शिव्या मी खाल्ल्या. हा आपला खाली मान घालून स्क्रू आवळतोय. तिसऱ्यांदा माझं डोकं फिरलं. सगळ्यांसमोर बोललो, "आदगोंडा, तुझं वय झालं. आता हे काम तुला झेपत नाही." त्यानं हत्यारांची पिशवी उचलली नि गेला. दोन आठवडे वर्कशॉपला आला नाही. मीही फोन केला नाही. म्हटलं, येईल झक मारत... आणि मग वॉचमनचा तो फोन.

परवा सफाईसाठी मिल बंद होती, म्हणून गेलो. आठव्या डब्यातून एक नवी करडी केबल निघालेली. भिंतीच्या कडेनं, वीतभर अंतरावर क्लिपा ठोकत, थेट पहिल्या डब्यापर्यंत. डब्यांतलं सेटिंगही करून ठेवलेलं. टोक सोललेलं, फक्त जोडायचं राहिलेलं.

वॉचमन म्हणाला, "दोन रविवार हेच करत हुते, साहेब. पार्टनरला सांगू नगं म्हणाले, झालं की बोलावतो त्याला."

अरे, मग आधी सांगायचंस की, लेका. आलो असतो. टोक धरायला तरी आलो असतो.

केबल मी जोडली. मशीन रिकामंच सुरू केलं आणि चौथ्या डब्याचा स्विच बंद केला. पाचवा, सहावा, सातवा, आठवा... चौथा सोडून सगळे रोलर एका चालीनं फिरत राहिले. वॉचमन म्हणाला, "झालं की काम."

तो एकटा थांबलेला आणि बाकीचं सगळं सुरळीत चाललंय, हे मला बघवेना. मी पटकन स्विच चालू केला.