मेक्सिकोसारखंच असतं गं

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. माझ्या नवऱ्याजवळ, शिरीषजवळ नाही, आईजवळ नाही — देवाजवळही नाही, कारण देवासमोर उभी राहिले की मागण्यांचीच यादी इतकी लांब असते, सांगायला वेळ कुठे उरतो? तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, तेच बरं. ओळखीच्या माणसाला सांगितलं तर पुढच्या वेळी माझ्या घरचा चहा पिताना तो विचार करेल. करायलाच हवा.

मी मूळची अकोल्याची, सांता क्लाराला येऊन मोप वर्षं झाली. नोकरी सॉफ्टवेअरची. पण इथल्या मराठी मंडळींत माझी ओळख वेगळीच — वकीलबाई. वकील-बिकील नाही हो मी. पण कुणाचा व्हिसा अडला, कुणाचं एक्स्टेन्शन आलं, कुणाच्या सासूबाईंचा इन्शुरन्स काढायचाय — फोन मला. माझ्याकडे रंगवार फायली असतात, प्रत्येक कागद आपापल्या प्लास्टिकच्या पाकिटात. आजतागायत माझ्या हातून एक फॉर्म चुकलेला नाही. त्याचा मला अभिमान आहे, आजही आहे. आणि तीच तर गंमत आहे — मी चुकले नव्हते.

केतकी माझी मैत्रीण. पुण्याची, माझ्याहून सात वर्षांनी लहान, दोन गल्ल्या सोडून राहायची. घटस्फोट झालेला, सहा वर्षांची मुलगी इरा — एक आठवडा आईकडे, एक आठवडा अभिजितकडे, म्हणजे बापाकडे. केतकी एकदम बिनधास्त. पासपोर्ट स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये, लाटण्याशेजारी. टॅक्सचे कागद गाडीच्या डिकीत. आणि तरी तिचं सगळं जमून यायचं! पार्किंगसुद्धा मिळायचं ते दारासमोर. मी तीन महिने आधी तयारी करून रांगेत उभी, आणि ही आयत्या वेळी हसत येऊन माझ्या पुढे. तुम्हाला नाही अशी एखादी मैत्रीण? जिच्यावर जीवही असतो, आणि जी डोळ्यांत खुपतेही?

गणपतीच्या जेवणाला आमच्याकडे तीसेक माणसं होती. कुणीतरी माझ्या फायलींचं कौतुक केलं. केतकी जेवता जेवता म्हणाली, "मूल नाही म्हणून काय झालं? एवढ्या फायली आहेत ना तिला! बघा, एकेकीला प्लास्टिकचा लंगोट घालून ठेवते." सगळे हसले. शिरीष हसला. मीही हसले — आणि तिच्या पानात आणखी एक मोदक वाढला, वर तूप घातलं.

थांबा. या विनोदामुळे मी ते केलं असं मी म्हणत नाहीये. तेवढ्यानं कुणी एवढं करतं का? तिला बिचारीला तो विनोद दुसऱ्या दिवशी आठवतही नसेल. मी फक्त काय झालं ते क्रमानं सांगतेय.

पुढच्याच महिन्यात केतकीला आफ्रिकेची स्वस्त तिकिटं सापडली. नामिबिया. तीन दिवस प्राणी, दोन दिवस वाळवंटाचा समुद्रकिनारा, टपावर तंबू बांधलेली भाड्याची गाडी. "हॉटेलचा खर्च नाही यार, आणि तिकडे गाडी आपल्यासारखी डावीकडून चालवतात!" शिरीषची तंबू म्हटलं की कंबर धरते. म्हणून आम्ही दोघीच. इरा ते दहा दिवस बापाकडे.

तयारी अर्थातच मी केली. दोघींचा तक्ता बनवला — नामिबियाचा व्हिसा, लसीची कार्डं, गाडीचा परवाना, मलेरियाच्या गोळ्या. एका रविवारी ती माझ्या स्वयंपाकघरात पोहे खात बसली होती, मी कोथिंबीर निवडत होते. आणि तिनं विचारलं, "ए वकीलबाई, माझं स्टॅम्पिंग गेल्या वर्षीच संपलंय. पण नवीन अप्रूव्हल आहे हातात. मेक्सिकोला गेलो तेव्हा चाललं होतं ना? तसंच चालेल ना गं?"

आता ज्यांना हे माहीत नाही त्यांना सांगते. इथे राहायची, नोकरी करायची परवानगी त्या अप्रूव्हलच्या कागदावर चालते. पण एकदा देशाबाहेर पाऊल टाकलंत की परत आत यायला पासपोर्टवर व्हिसाचा चालू शिक्का, म्हणजे ते स्टॅम्पिंग, लागतो. शेजारच्या मेक्सिकोत महिन्याच्या आत जाऊन आलात, तर जुन्या शिक्क्यावर भागतं. बाकी जगात नाही. नामिबियातून तर नाहीच नाही. हा नियम मला माझ्या जन्मतारखेसारखा पाठ आहे; मेक्सिकोच्या वेळी तिला तो मीच समजावून सांगितला होता. तिनं अर्धाच ऐकला, नेहमीप्रमाणे.

मी लगेच उत्तर दिलं नाही. कोथिंबिरीची एक काडी निवडून होईपर्यंत मी गप्प होते. म्हणजे विचार केला. "बोलून गेले" असं म्हणायची सोय नाही मला.

मी म्हणाले, "हो गं. मेक्सिकोसारखंच असतं."

तिनं बशी सिंकमध्ये ठेवली, माझ्या गालाचा पापा घेतला आणि गेली.

माझ्या मनात काय होतं? वाटलं, एकदा तरी हिचं अडू दे. एकदा तरी हिला कळू दे, कागद म्हणजे काय असतं ते. आठवडाभर अडकेल, रडेल, माझ्याकडे धावत येईल, मी सोडवेन — असं मी स्वतःला सांगितलं. पण आठवड्यात सुटत नाही हे मला तेव्हाही ठाऊक होतं. स्टॅम्पिंगच्या तारखा किती लांबच्या मिळतात, हे मीच लोकांना सांगत होते ना? आणि घरी इरा आहे, बाप तिचा ताबा मागायला टपून बसलाय — हेही ठाऊक होतं.

ट्रिप छान झाली. हे सांगायची लाज वाटायला हवी, पण झाली खरी. इटोशाचं ते पांढरं मिठाचं मैदान, धुळीनं पांढरे झालेले हत्ती, पाणी पिताना पुढचे पाय फाकवणारे जिराफ. भर दुपारी पाणवठ्याशी गाडी लावून आम्ही तासन्‌तास बसायचो, घरून नेलेला चिवडा खात. एकदा पाणवठ्यापलीकडे सिंहीण बसली होती आणि हरणांचा कळप पाण्याकडे पुढे-मागे करत होता. केतकी कुजबुजली, "अगं, यांना दिसत कसं नाही ती तिथे बसलीय ते?" मी दुर्बीण डोळ्यांना लावून बसले. तुम्ही म्हणाल, मीही त्या सिंहिणीसारखीच. छे हो. ती भुकेली होती.

मग किनारा. एका बाजूला वाळूचे डोंगर, दुसऱ्या बाजूला थंडगार समुद्र, मध्ये धुकं. हाडं गोठवणारी थंडी, आणि पावसाचा थेंब नाही. वाटेत एका भूशिरावर सील पाहायला थांबलो. हजारो. वास असा की नाक दाबून धरावं. समुद्रातून आलेली आई ओरडायची, आणि त्या हजारोंतून एकच पिल्लू तिला ओ द्यायचं — मग ती इतर पिल्लांना बाजूला ढकलत नेमकी त्याच्याकडे जायची. केतकीनं इरासाठी त्याचा व्हिडिओ काढला. काढता काढता रडायला लागली. "मला करमत नाहीये गं तिच्यावाचून. दहा दिवस फार झाले. पुन्हा नाही जाणार मी तिला टाकून."

तेव्हा तरी सांगायचं होतं. परतायला अजून दोन दिवस होते. त्याच संध्याकाळी राजधानीच्या गावी निघून सकाळी कॉन्सुलेटचं दार ठोठावलं असतं, रडलो असतो, हातापाया पडलो असतो — कदाचित काही झालं असतं. कदाचित नसतं. पण मी मिठाची गुळणी धरून बसले. मग म्हणाले, "चल, वास फार येतोय."

विमानतळावर काउंटरच्या बाईनं तिच्या पासपोर्टची पानं पुढून मागे चाळली, मग मागून पुढे. केतकीनं हसत अप्रूव्हलचा कागद पुढे केला. बाईनं मान हलवली, साहेबाला बोलावलं, साहेबानंही मान हलवली. केतकीनं माझ्याकडे पाहिलं — तिला वाटलं, आता ही बोलेल आणि सगळं सुटेल. मी कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "अगं बाई! असं कसं?" काय सुरेख जमलं मला ते.

"तू जा," ती म्हणाली. "तू पुढे जा, इराकडे बघ." मी गेले. खिडकीची जागा होती. जेवण आलं, जेवले — पोटभर जेवले.

इथवर ऐकून तुम्हाला वाटलं असेल, एवढंच? एवढंच असतं तर मी कधीच बोलून मोकळी झाले असते. मत्सर झाला, काडी टाकली, पश्चात्ताप झाला — असं पुष्कळ जण सांगतात. माझं पुढचं ऐका.

केतकी तिथून पुण्याला गेली, भावाकडे. स्टॅम्पिंगची तारीख तीन महिन्यांनंतरची मिळाली. मुलाखत झाली तर "आणखी तपासणी" म्हणून पासपोर्ट ठेवून घेतला. दरम्यान नोकरी डळमळायला लागली. इरा व्हिडिओवर आधी रडायची, मग खेळत बोलायची, मग बोलवायला लागायचं. आणि अभिजितनं कोर्टात अर्ज केला — आई बेजबाबदार आहे, मूल माझ्याकडे असू द्या.

तेव्हा केतकीचा मला फोन आला. आवाज बसलेला. म्हणाली, "मला एक सांग. मी तुला विचारलं होतं ना गं? तू काय म्हणाली होतीस नक्की? मला आठवतंय तू हो म्हणालीस. वकील विचारतोय, मी सल्ला घेतला होता का म्हणून."

चूक माझी आहे, एवढं म्हणायचं होतं. तिच्या वकिलाला तेवढंच हवं होतं — तिनं जाणत्या माणसाला विचारलं होतं. त्यानं मूल तिच्याकडे राहिलं असतं की नाही, कोण जाणे. पण वकीलबाई चुकली, हे मंडळात सगळ्यांना कळलं असतं. आणि मी चुकले नव्हते, हे मला एकटीला ठाऊक होतं.

मी म्हणाले, "केतकी, असं काय करतेस? मी तुला म्हटलं होतं — स्टॅम्पिंग बघ, मेक्सिकोची गोष्ट वेगळी. तू पोहे खात होतीस. तुझं लक्षच नव्हतं."

पोहे घातले मी त्यात. खरं वाटावं म्हणून.

मग ती म्हणाली, "असेल. मी घाईत असेन. माझं असंच असतं ना." आणि मग — "सॉरी यार, तुझ्यावर ढकलत होते."

पुढच्या आठवड्यात अभिजितचा फोन. तिला आधी सावध केलं होतंत हे खरं का? मी हो म्हणाले. लिहून द्याल का? दिलं. दोन ओळींची ईमेल, व्याकरणाची एक चूक नाही. ती अर्जाला जोडली गेली. करून सवरून नामानिराळी! केतकीला मी म्हणाले, "त्यानं विचारलं, खोटं कसं बोलू?" ती म्हणाली, "नाही, तू बरोबरच केलंस."

सात महिन्यांनी ती परतली, तोवर निकाल लागला होता. इरा बापाकडे. बापानं नोकरी बदलली, दूर दुसऱ्या राज्यात ईडन प्रेरीला गेला, तिला घेऊन. केतकीला सुट्ट्या मिळतात — उन्हाळ्यात पाच आठवडे, नाताळचे काही दिवस. याला चार वर्षं झाली. केतकी आता पासपोर्ट फाइलमध्ये ठेवते, प्लास्टिकच्या पाकिटात. साधं लायब्ररीचं कार्ड काढायचं तरी मला विचारते. स्वतःच्या आठवणीवर तिचा भरवसा राहिलेला नाही. दुकानात शिरल्यावर कुलूप लावलं का म्हणून गाडीशी परत जाते. चारचौघांत सांगते, "हिनं मला सांगितलं होतं हो, मीच ऐकलं नाही."

या उन्हाळ्यात इराला परत पाठवायला विमानतळावर मीच त्यांना गाडीनं सोडलं. इरा दहाची झालीय. मराठी कळतं, बोलत नाही. केतकी तिच्या बॅगेची चेन लावत होती, पुन्हा उघडून काही राहिलं का बघत होती, आणि रडू आवरत होती. इरानं तिच्याकडे पाहिलं, आणि अगदी शांतपणे, मोठ्या माणसासारखी म्हणाली, "आई, यू शुड हॅव लिसन्ड टू मावशी."

केतकीनं मान हलवली. "हो गं राणी. ऐकायला हवं होतं."

मी पोरीच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "असू दे गं. आईकडून झाली चूक. आपण तिला माफ करायचं."