बांधीतली सरकणारी जागा

मी बी.एस्सी. केलंय, आणि घरात कुणी भुताखेताच्या गप्पा काढल्या की उठून स्वयंपाकघरात जाते. तरी हे ग्रुपवर लिहितेय, कारण त्या वेळी मी एकटी नव्हते.

तिरोडा तालुक्यात, बोदलकसाच्या बाजूला आमची धानाची शेती आहे. नवरा नोकरीसाठी बाहेर असतो, त्यामुळे घरचा छोटा ट्रॅक्टर मीच चालवते. गेल्या उन्हाळ्यात रस्त्याकडची मोठी बांधी, म्हणजे बांध घातलेलं धानाचं खाचर, सपाट करायला घेतली. तिच्यात एका कोपऱ्यात पाणी साचून रोप सडायचं आणि दुसरीकडे जमीन भेगाळायची. ट्रॅक्टरमागे लेव्हलरचं लोखंडी पातं लावायचं, उंचावरची माती खरवडून खोलगट भागात नेऊन टाकायची. काम सोपं, फक्त कंटाळवाणं.

पहिल्याच सकाळी रस्त्याकडच्या धुऱ्याजवळ, म्हणजे बांधाजवळ, पातं आपोआप वर उचललं गेलं. लिव्हरला माझा हात नव्हता. थोडं पुढे गेल्यावर आपोआप खाली आलं. फिरून आले, तर त्याच जागी पुन्हा तेच...

माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, धुऱ्यावर उभे होते.

"जमत नसन तर उतर," ते म्हणाले. "लिव्हरले कायले हात लावतेस?"

"मी नाही लावला, भाऊजी. तुम्हीच बसून पाहा."

ते बसले. त्याच जागी पातं उचललं गेलं. उतरून त्यांनी मेकॅनिकला फोन लावला.

मेकॅनिक आला. जमीन कडक लागली की ट्रॅक्टरची हायड्रोलिक लिफ्ट पातं स्वतःच उचलते म्हणे. ती सेटिंग त्यानं बंद केली. "अब नहीं उठेगा, भाभी." तो गेला आणि पातं उठलंच. मग भासऱ्यांनी तिथे कुदळीनं खणून पाहिलं. बाकी बांधीसारखीच माती. ना दगड, ना मुळी.

दुसऱ्या दिवशी मात्र त्या जागेवरून पातं नीट गेलं. उचललं गेलं ते त्याच्या पुढे, बांधीच्या मध्याकडे. तिसऱ्या दिवशी आणखी पुढे. जागा सरकत होती – रस्त्याकडून बोडीकडे, म्हणजे शेताच्या टोकाला आमचं लहानसं तळं आहे, तिकडे. मी हे बोलले नव्हते. भासरेच हळू आवाजात म्हणाले, "हे चालून राहिलं काय?"

भीती वाटली ती तेव्हा. पण पाऊस जवळ आला होता. अर्धी उकरलेली बांधी तशीच सोडली असती तर त्या वर्षीची धानरोपांची रोवणी गेली असती. मी चालवत राहिले.

त्या दुपारी सासूबाई जेवण घेऊन आल्या. त्यांना आम्ही यातलं काही सांगितलं नव्हतं. डबा खाली ठेवून त्या जरा वेळ बघत राहिल्या, मग डोक्यावर पदर घेतला.

"सूनबाई, ट्रॅक्टर बंद कर. बाजूले ये."

"काऊन?"

"जाऊ दे आधी."

इंजिन बंद केलं. आम्ही तिघं धुऱ्यावर उभे राहिलो. भर ऊन... काही दिसलं नाही, कसला आवाजही नाही. भासऱ्यांनी डोक्याचा दुपट्टा काढून हातात घेतला – का, ते त्यांना अजूनही सांगता येत नाही. सासूबाईंची नजर मात्र हळूहळू बोडीकडे जात होती. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "लाव आता."

त्यानंतर पातं एकदाही उचललं गेलं नाही. बांधी पूर्ण झाली, रोवणीही वेळेवर झाली. मेकॅनिक म्हणतो, हायड्रोलिकमध्ये हवा शिरली असेल. असेलही. पण हवा रोज बोडीच्याच दिशेनं कशी सरकेल?

रोवणी चालू असताना एकदा मी सासूबाईंना विचारलंच, "आई, कोण होतं ते?"

रोपांची जुडी सोडता सोडता त्या म्हणाल्या, "मले काय माहीत, बाई. कोणी तरी जाऊन राहिलं होतं, आन् आपण आडवे येऊन राहिलो होतो. येवढंच दिसलं."

मला तर तेवढंही दिसलं नव्हतं.