कठडा मागायला गेलो, सत्कार करून आलो

मंडळींनो, देवळाच्या फळ्यावर आज मुहूर्त नाही, माझा राग वाचा. अक्षर वाकडं आहे, चालवून घ्या.

रुळांवर नवा पूल होतोय. तोवर पायी जाणाऱ्यांना लाकडी फळ्यांची वाट दिली आहे आणि तिला एका बाजूला कठडाच नाही. खाली बघावं तर आगगाडी. माझी नात रोज त्यावरूनच शाळेला जाते. म्हणून आज आपण सगळे पुलाच्या साहेबाकडे कठडा मागायला गेलो.

साहेब जीपमधून उतरला आणि आपल्या मंडळाच्या अध्यक्ष अण्णांनी काय करावं? शाल घातली, नारळ दिला! मोठा माणूस दिसला की सत्कार, ही आपली जुनी खोड. तुम्ही टाळ्याही वाजवल्यात. कठड्याचं नाव कुणी काढेना.

शेवटी मीच म्हटलं, "साहेब, चला, माझ्याबरोबर त्या वाटेवरून पलीकडे जाऊन येऊ."

खाली बघून आपल्या कानडी वळणानं म्हणतो, "स्वल्प थांबा अज्जी, बूट घसरतात."

मीही त्याच्याच कानडीत, "सरी, बरं. मग लेकरांचे पाय काय खिळ्यांनी ठोकलेत?"

तो जीपकडे वळला, तशी मी त्याच्या खांद्यावरची शाल ओढली आणि कठड्याच्या जागी बांधून टाकली.

अण्णा ओरडले, "अक्का, मंडळाची अब्रू गेली!"

जाऊ दे. उद्या सकाळी शाळा आहे आणि शालीला धरून कुणी वाचत नाही. कठडा लागेपर्यंत शाळेच्या वेळी दोन मोठी माणसं तिथं उभी राहतील. एक मी. दुसरं कोण येणार? खाली नाव लिहा. शाल मिळणार नाही.