झटका देणाऱ्या माशाच्या शोधात कतारला

लोक कतारला सख्ख्यांना भेटायला जातात, नाहीतर नोकरीला. मी गेले एका माशासाठी. हसू नका, तिकीट काढताना मलाही हसू येत नव्हतं.

माझा धाकटा भाऊ प्रसाद दोह्यात इलेक्ट्रिकल इंजिनियर आहे. फुटबॉल वर्ल्डकपला तीन वर्षं होती आणि स्टेडियमची कामं दणक्यात चालली होती. खंडेनवमीला त्याच्या टीमने साइटवर हत्यारांची पूजा मांडली. टेस्टर, पक्कड, मीटर, सगळ्यांना हळदकुंकू लागलं. मग विजेच्या पॅनेललाही मान हवा म्हणून त्याचं दार उघडलं, आणि आमच्या शहाण्याने त्याच्याच कडेवर नारळ फोडला! पाणी आत गेलं आणि जबर झटका बसला. जीव वाचला, पण उजवा हात मनगटापासून बधिर झाला. बोटं हलायची, धरायची, पण त्यांना काही म्हणजे काही कळायचं नाही.

मला जुन्या इतिहासाचं वेड. त्याला रमवायला मी फोनवर सांगत बसायचे की वीज ही काही कालची गोष्ट नाही. इजिप्तमध्ये कबरींच्या भिंतींवर नाईलमधला झटका देणारा मासा कोरलाय. रोमन वैद्य संधिवाताच्या माणसाला समुद्रातल्या तसल्याच चपट्या माशावर उभं करायचे, पाय सुन्न होईपर्यंत. प्रसादने नेमकं तेवढंच धरलं. "ताई, तो मासा इथे मिळतो. तू ये."

मी उडवून लावलं असतं. पण दुसऱ्या दिवशी रूपालीचा, माझ्या भावजयीचा, फोन आला. "रविवारी कंपनीच्या डॉक्टरकडे तपासणी आहे. हाताला कळतं असं डॉक्टरांनी लिहून दिलं की हे परत वीज चालू असलेल्या पॅनेलवर कामाला. आणि ताई, हे खोटं बोलतील. टोचलं की 'हो' म्हणायला काय लागतं? या तुम्ही." गेले.

व्हिसाची कटकट नव्हती, विमानतळावरच शिक्का मिळाला. टॅक्सीने अर्ध्या तासात अल सद्दला, प्रसादच्या घरी. रस्ताभर क्रेन आणि खणलेली माती. घरात शिरले तर भर दुपारी पडदे ओढलेले, दिवे बंद, एकटा फ्रिज घुमत होता. प्रसाद भिंतीला उजवा तळवा टेकवून बसला होता.

"वायर कुठून जाते ते कळतं मला," तो म्हणाला.

"हात कळत नाही, आणि वायर कळते?"

"हो. तेवढीच कळते."

रूपाली पोहे परतत राहिली.

दुसऱ्या दिवशी सूक वाकिफला, दोह्याच्या जुन्या बाजारात गेलो. जायचंच तर संध्याकाळी जा, दुपारी निम्मी दुकानं बंद असतात. जपमाळांच्या दुकानात एक इराणी म्हातारा अंबरचा, म्हणजे झाडाच्या दगड झालेल्या राळेचा, मणी खरा की खोटा ते दाखवत होता. मणी बाहीवर घासला, कागदाच्या कपट्यांवर धरला, कपटे टुणकन उडून चिकटले. ग्रीकांनाही हे ठाऊक होतं, फक्त ते का होतं ते माहीत नव्हतं. अरबीत विजेला 'कहरबा' म्हणतात, ते याच मण्याचं जुनं फारसी नाव. अर्थ, काडी पळवणारा. मी कौतुकाने ऐकत होते, तेवढ्यात एक कपटा मण्यावरून सुटला आणि प्रसादच्या उजव्या मनगटाला चिकटला. त्याच्या गावीही नव्हतं. मी झटकला, तर परत जाऊन चिकटला. शेवटी चिमटीत धरून काढून टाकला.

बगदादजवळ सापडलेल्या त्या मातीच्या बरणीचंही मी त्याला सांगितलं. आत तांब्याची नळी, लोखंडाची कांब. कुणी म्हणतं बॅटरी, तर बरेच जाणकार म्हणतात गुंडाळ्या ठेवायचं भांडं. एकाची कल्पना अशी की पुजाऱ्यांनी ती मूर्तीत लपवली असेल. भक्ताने हात लावला की झिणझिण्या, आणि देव प्रसन्न!

"आणि भक्ताला बरं वाटत असेल?" प्रसादने विचारलं.

"वाटत असेल बाबा," मी म्हणाले.

शुक्रवारी सकाळी उत्तरेला निघालो. हायवे लोण्यासारखा, पण अल खोर गावानंतर खायला फार काही मिळत नाही, डबा घ्या. वाटेत अल जसासियाचे खडक पाहिले. तिकीट नाही, माणूस नाही, सावली नाही. खडकात वल्ह्यांच्या होड्या कोरल्यात आणि वाटीएवढ्या खळग्यांच्या रांगाच रांगा. कुणी केल्या, कशासाठी, नक्की कुणालाच सांगता येत नाही. वारा सुटला, धूळ उठली आणि माझे केस हळूहळू वर उभे राहायला लागले. गाडीच्या दाराला हात लावला तर चटकन ठिणगी. कोरड्या धुळीत असं होतं, मला माहीत आहे. तरी रामरक्षा पुटपुटले. प्रसाद मात्र खळग्यांतून एकेक बोट फिरवत होता, आंधळ्यासारखा.

रुवैस बंदरावर इब्राहिमचाचा वाट बघत होते. मूळचे दाभोळचे, इथे वर्षानुवर्षं बोटीवर. प्रसादने त्यांना माशासाठी आधीच फोन करून ठेवला होता. निळ्या टबात समुद्राचं पाणी, त्यात थाळीएवढा तपकिरी मासा, तळाला पसरलेला.

"आस्ते, साहेब," चाचा म्हणाले.

प्रसादने बाही सारली आणि उजवा हात पाण्यात घातला. थोडा वेळ काहीच नाही. मग त्याची पाचही बोटं एकदम आवळली. मी डोळ्यांनी पाहिलं. "ताई, लागलं! कळलं मला!" तो लहान मुलासारखा रडायला लागला आणि रूपालीला फोन करायला गाडीकडे पळाला. माझेही डोळे भरले होते.

चाचा जवळ आले. "बाई, मासा सकाळीच मेला होता. साहेबांचा चेहरा बघितला, जीभ उचलली नाही."

मी टबात हात घातला. मासा गार होता, बुळबुळीत, निपचित. काही नाही.

मग ती बोटं कशाने आवळली?

परतीच्या वाटेवर टपरीवरून करक, म्हणजे तिकडचा कडक दुधाचा चहा घेतला. कागदी कप मला धरवेना, ओढणीत धरला. प्रसादने उजव्या हातात घेतला आणि रविवारनंतर काय काय करायचं ते सांगत सुटला. कप दाबला गेला, उकळता चहा त्याच्या बोटांवरून ओघळत होता. बोटं लाल होत चालली होती आणि तो हसत बोलत होता.

"प्रसाद," मी कप ओढून घेतला. "खाली बघ. आणि मासा मेलेला होता."

तो हाताकडे बघत राहिला. "नसतं सांगितलंस तर?"

"तर पुढच्या वेळी पॅनेलने सांगितलं असतं!" मी ओरडलेच.

नाशिकला परत आले. त्याने माझ्याशी अबोला धरला होता, पण रूपालीकडून कळलं की डॉक्टरला त्याने खरं सांगितलं. आता तो ऑफिसात ड्रॉइंगं तपासतो. मी मात्र त्या टबाशी अडकून आहे. त्या जुन्या वैद्यांना वीज किती समजली होती कुणास ठाऊक. पण बरं व्हायला आसुसलेला माणूस मेलेल्या माशातूनही झटका काढतो, हे त्यांनी नक्की पाहिलं असणार. मला त्याचीच जास्त भीती वाटते.

पुढे स्टेडियमचे दिवे पहिल्यांदा लागले, त्या दिवशी त्याचा स्वतःहून फोन आला. सगळी साइट टाळ्या वाजवत होती म्हणे.

"तू वाजवल्यास?"

"वाजवल्या की. आवाज दोन्ही हातांचा आला, ताई. कळलं एकालाच."